माहीत असल्यासारखं हसणं

“वरच्या मुलीला विचारूनच लिहिलंय मी. ती इंग्रजी शाळेत शिकलीय, ती चुकायची नाही.”

ओल्या कचऱ्याची बादली घेऊन उतरताना मी जिन्यातच थांबले. खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडं ठेवून फोनवर बहिणीशी बोलत होत्या. काकू हे माझ्या मनातलं नाव. त्या जर्मन, सत्तरीच्या, आणि तोंडावर मी त्यांना कधीच काही म्हटलं नव्हतं. त्यांच्या मुलीचं लग्न दोन दिवसांनी इंग्लंडमध्ये होतं, नवरा मुलगा तिथलाच. जेवणाआधी त्याचे वडील भाषण करणार आणि त्यावर काकू इंग्रजीत दोन शब्द बोलणार, असं ठरलं होतं.

“उभी राहून म्हणणार, थँक यू फॉर युअर कॉड्सवॉलप. पोरीला सांगू नकोस हं, तिला धक्का द्यायचाय.”

मी पायरीवर बसले. तो शब्द त्यांना मीच समजावला होता.

मी न्युरेम्बर्गला आल्यावर दोनेक महिन्यांतच आमचे गुरुवार सुरू झाले. ऑफिसातून आले की मी त्यांच्याकडे जायचे आणि आम्ही एक जुनी ब्रिटिश मालिका बघायचो. छोटंसं खेडं, दर भागात एक खून, आणि खून झाला तरी चहा वेळेवर. लग्नापर्यंत इंग्रजी सुधारायचं म्हणून काकू पडद्यावर खाली येणारी जर्मन अक्षरं बंद ठेवत. एखादा जुना वाक्प्रचार आला की चित्र थांबवून, पेन उघडून माझ्याकडे बघत. मी अर्थ सांगे, त्या वहीत लिहीत.

काही मला खरंच यायचे. ‘बॉब्ज युअर अंकल’ म्हणजे झालंच काम, हे शाळेच्या लायब्ररीतल्या पुस्तकांनी शिकवलं होतं. बाकीचे मी अंदाजाने सांगायचे. एका भागात पाद्रीबुवांचं भाषण संपलं, मागच्या बाकावरची म्हातारी ‘कॉड्सवॉलप’ म्हणाली आणि शेजारचे हसले. मी म्हटलं, मनापासून केलेल्या भाषणाला म्हणतात तसं.

फसवायचं म्हणून नाही. पुण्यात आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा, पण त्याचं कुणाला फारसं काही वाटायचं नाही. खरी नामुष्की होती इंग्रजी शब्द न कळण्याची. पाचवीत एका मुलीने हात वर करून एका शब्दाचा अर्थ विचारला, तर वर्षभर तिला ऐकावं लागलं, “काय गं, घरी मराठी पेपर येतो वाटतं?” मी हात कधी वर केला नाही. सगळे हसले की अर्ध्या क्षणाने हसायचं, एवढं शिकले. पुढे ऑफिसातही तेवढ्यावर भागत गेलं.

पायरीवर बसून मी फोनमध्ये तो शब्द शोधला. अर्थ निघाला, निव्वळ बकवास. व्याह्यांना भर मांडवात, हसतमुखाने. आणि मुलगी शेजारी उभी.

फोन ठेवल्याचा आवाज आला तशी मी दारात गेले.

“जिन्यात ऐकू आलं मला. भाषणातला तो कॉड्सवॉलप काढाल का? जरा जुनाट वाटतो.”

“असं? मग दुसरा घेऊ.” त्यांनी लगेच वही उघडली. “टिकेटी-बू? नको, तू म्हणाली होतीस की घरात कुणी गेलं की म्हणतात. तिथे कोण गेलंय? चिनवॅग चालेल?”

एक शब्द काढून सुटता येईल असं मला वाटलं होतं. वहीत तर दोन पानं भरलेली होती.

“त्यातला कुठलाच घेऊ नका,” मी म्हटलं. “चार-पाच सोडले तर मला माहीत नव्हते. मी ठोकून दिलेत.” आणि कॉड्सवॉलपचा खरा अर्थ सांगून टाकला.

त्यांनी चष्मा काढला. बादलीची कडी माझ्या बोटांत रुतत होती.

“पण तू तर हसायचीस,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही हसायच्या म्हणून.”

“मी? मी तर तू हसलीस की हसायचे. म्हटलं, हिला कळलं म्हणजे विनोदच असणार.”

म्हणजे इतके गुरुवार त्या खोलीत कुणालाच काही कळत नव्हतं. काकूंना आधी हसू फुटलं, मग मला, आणि या वेळी कशाला हसतोय ते दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी माझ्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली आणि मला खुर्ची दिली. दोन्ही पानांवर आम्ही मिळून काट मारली. माझे खांदे इतके दिवस आखडलेले होते, हे ते सैल पडल्यावर मला कळलं.

“आल्झो, बरं तर,” पेनाचं टोपण लावत काकू म्हणाल्या, “आता त्या माणसाचं भाषण झाल्यावर मी म्हणू काय?”

“थँक यू म्हणा,” मी म्हटलं. “त्याचा अर्थ मला नक्की माहीत आहे.”