ऐनाच्या सालीचा वास

ऐनाच्या झाडाची साल कढईत उकळू लागली की आधी तुरट वाफ येते, आणि तिच्यामागून धूर आणि ओल्या सुताचा वास... नायलॉन येऊन जमाना लोटला तरी समुद्रकाठच्या हेदवीला माझ्या आजोबांनी एक सुती जाळं जपलं होतं. ते टिकावं म्हणून त्या काढ्यात बुडवून काढत. आजोबा गेले, जाळं गेलं, आणि तो वास माझ्या आयुष्यातून पुसला गेला. म्हणूनच मिरजोळ्याच्या आमच्या घरात, समुद्रापासून इतक्या लांब, भर दुपारी तो नाकाशी आला तेव्हा मी आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पाहिला. गॅस बंद होता.

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. मी कवितेची विद्यार्थिनी. एम.ए.ला शब्दांचे पदर उलगडायला शिकले आणि पुढे पोटासाठी संगणकाकडे वळले. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव वाचून मी नेहमी ‘छान लिहिलंय’ एवढंच म्हणत आले.

माझं काम थोडं समजावून सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लिनक्सची नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी तिची एक तयार ‘इमेज’ बनवतात. ती गणपतीच्या साच्यासारखी असते. एका साच्यातून हजारो मूर्ती निघाव्यात तशी एका इमेजवरून जगभर हजारो यंत्रं उभी राहतात. साच्यात खोट राहिली तर ती प्रत्येक मूर्तीत उतरते. यंत्राच्या आतल्या प्रत्येक फाइलला एक सुरक्षेचं लेबल असतं. हिला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, हे त्यावरून ठरतं. लेबल नसलेली फाइल ना आपली असते ना परकी. पहारेकरी तिला ओळखत नाही आणि यंत्र स्वतःच्याच उंबऱ्यावर अडून बसतं. अशा फाइली शोधणं हे माझं काम. त्यात एक नियम कडक आहे — फक्त पाहायचं, दुरुस्त करायचं नाही. तपासता तपासता लेबल चिकटवून टाकलं की खोट झाकली जाते, आणि ती कुठून आली ते कधीच कळत नाही.

तर त्या दुपारी वास आला, आणि थोड्याच वेळात पडद्यावर बिनलेबलाची फाइल सापडली. मी दोन्हींचा संबंध जोडला नाही. पण पुढेही तसंच होत राहिलं. इमेज निर्दोष असली की घरात फक्त घराचाच वास. खोट असली की ती सापडण्याआधीच ऐनाची साल. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मग पगार नाकाला द्यायला हवा.” त्याला, आप्पांना, घरात कुणालाच तो वास येत नव्हता.

आता घरातली माणसं सांगते. आप्पा म्हणजे माझे सासरे, जुने तांडेल. त्यांच्या शब्दावर कधीकाळी अख्खी होडी चालायची. त्यांचा मोठा मुलगा, माझे दीर, वादळात बोटीसह गेले. बोटीच्या फळ्या मिळाल्या. बरोबरचे खलाशी कुणी जिवंत, कुणी निष्प्राण किनाऱ्याला लागले. भाऊजी मात्र कुठल्याच रूपात परतले नाहीत. तेव्हापासून माझी मोठी जाऊ, सुलभावहिनी, कपाळाला कुंकू लावते आणि हातात बांगड्या भरते, पण कुणी कौतुकाने हात धरला तर हळूच सोडवून घेते. हळदीकुंकवाला गेलं की बायकांची बोटं करंड्यावरून उठतात, तिच्यासमोर हवेत थबकतात आणि माझ्याकडे वळतात. तिला ‘तुला नको’ म्हणायचं त्यांना धैर्य नाही, कुंकू लावायचीही हिंमत नाही. मी ते थबकणं पुष्कळदा पाहिलंय. त्या क्षणी वहिनी समोरच्या समईकडे पाहत बसते, जणू वात सरळ आहे ना एवढीच तिला काळजी.

आप्पांच्या बहिणीला, आत्याबाईंना, हे सहन होत नव्हतं. भाऊजींच्या देहाऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यविधी उरकावा, असा त्यांचा आग्रह होता. “कुकवाला धनी नाय नि उतरवायला धीर नाय,” असं त्या वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. आप्पा उठून अंगणात जात.

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले, त्या दिवशी इमेजची शेवटची चाचणी होती. सगळं स्वच्छ निघालं. एकही फाइल बिनलेबलाची नव्हती. ‘पास’ कळवायचं तेवढं बाकी होतं... आणि वास इतका दाट झाला की डोळे चुरचुरले. मी हात आवरला. चाचणीच्या पायऱ्या पुन्हा वाचल्या, तेव्हा लख्खकन जाणवलं की मी इमेज चालू करून मग तपासली होती. कुणीतरी घाईत आत अशी सूचना ठेवली असेल, की पहिल्यांदा चालू होताच यंत्राने सगळ्या फाइलींना आपणहून लेबलं लावून टाकावीत, तर? मी नवी प्रत घेतली आणि ती चालू न करताच उघडून पाहिली. फाइलींचं अख्खं एक कपाट बिनलेबलाचं होतं. सूचनेची खूणही तिथेच होती. लेबलं मागाहून, परस्पर लागली होती, म्हणून मला सारं स्वच्छ दिसलं. मी तसा अहवाल पाठवला. हे सुचलं कसं, असं सहकाऱ्यांनी विचारलं.

लॅपटॉप मिटला. वास गेला नाही.

एरवी खोट सापडली की तो विरायचा. आज तो पडवीकडे सरकत होता. त्याच्या मागून मी गेले. पडवीत वहिनी सुकटीतला कचरा निवडत होती, आणि तिच्याभोवती तो वास असा उभा होता की जणू तिथेच चूल पेटलीय. तिला त्याचा पत्ता नव्हता. माजघरातून बोलणं ऐकू येत होतं. आत्याबाई भटजींना घेऊन आल्या होत्या आणि विधीचा दिवस ठरत होता. भिंतीपलीकडे तिच्या कपाळाचा निर्णय होत होता, आणि ती काटक्या वेचत होती. बोटं चालू होती, पण काटक्यांबरोबर सुकटही बाजूला पडत होती.

मी आत गेले. सासऱ्यांसमोर असं बोलायची मला सवय नाही. तरी म्हटलं, “आप्पा, वहिनींना विचारलंत?”

आत्याबाई म्हणाल्या, “तिला काय विचारायचाय गो? ती काय सांगणारे?”

आप्पांनी बहिणीकडे पाहिलं नाही. ते उठले, पडवीत आले आणि वहिनीसमोर खाली जमिनीवर बसले. आमच्या घरात सून खाली आणि सासरे खुर्चीवर, हेच मी आजवर पाहिलं होतं.

“सुलभा, बाय माझे,” ते म्हणाले, “आम्ही तुला न विचारता विधी करायला निघालो होतो. तू सांगशील तेव्हा. नाय सांगितलंस तरी चालेल.”

वहिनीने सुकटीचं सूप आप्पांच्या बाजूला सरकवलं, आणि तो म्हातारा तांडेल तिच्याबरोबर काटक्या वेचू लागला. भटजी चहा पिऊन निघून गेले. वास केव्हा विरला ते मला कळलंच नाही.

त्यानंतर तो आला नाही. खोट असलेल्या इमेजेस येतात आणि मी त्या नेहमीच्या रीतीने शोधते — चालू करण्याआधी आणि नंतरही. जवळच्या कारखान्यांत ऐनाची साल उकळणारं काही आहे का, तेही विचारून पाहिलं. नाही. मन आधी ओळखतं आणि नाकाला सांगतं, असं एका मैत्रिणीचं म्हणणं. असेलही. पण जी खोट मी उघडून पाहिलीच नव्हती, ती मनाने कुठे पाहिली? ते शोधण्याची तहान आता उरलेली नाही.

भात कापून झाल्यावरची एक सकाळ. मागीलदारी मी आणि वहिनी धुणं वाळत घालत होतो. चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. पिळून झाली तरी तिने आपलं टोक सोडलं नाही. विधीचं नाव घरात त्या दिवसानंतर कुणी काढलं नव्हतं. ती माझ्याकडे सरळ बघत होती. डोळे भरलेले, पण आवाज स्थिर.

“करूया.”