रोज संध्याकाळी एक गोळी

मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहून माणूस औषधं विकतो, असं लोकांना वाटतं. खरं सांगू? निम्मा दिवस तो नुसता ऐकतो! शिवाय गोळ्यांना एक्सपायरी डेट असते, किस्स्यांना नसते. त्यामुळं आमच्या दुकानात जास्त स्टॉक कशाचा झालाय, ते तुम्हीच ओळखा.

मी कराडशेजारच्या मलकापूरला फार्मासिस्ट आहे. वरच्या मजल्यावर आमच्या डॉक्टर मॅडमचा दम्याचा दवाखाना, खाली मेडिकल. हायवेच्या कामाची धूळ आणि उसाच्या सीझनला साखर कारखान्यांचा धूर, म्हणजे वर शिंका आणि खाली गर्दी! दम्याच्या आणि ॲलर्जीच्या काही पेशंटना मॅडम मॉन्टेलुकास्टची गोळी लिहून देतात. त्रास उठूच नये म्हणून घ्यायची. रोज, संध्याकाळी, एक. चिठ्ठीवर मी पेनानं गोल करून देते.

इतकं सोपं! पण या तीन शब्दांत आमच्या लोकांनी काय काय करून दाखवलंय, ते ऐकाच.

*

आमचे एक सुभेदार आहेत. फौजेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण घड्याळ अजून फौजेचंच. बरोब्बर आठ वाजता गोळी. मला वाटायचं, पेशंट असावा तर असा!

एकदा महिन्याची औषधं नेली आणि दहाव्या दिवशी पुन्हा काउंटरवर हजर.

"सुभेदार, तीस गोळ्या दहा दिवसांत?"

"व्हय. आमी तिघं हाय न्हवं!"

म्हणजे काय, तर बायकोला धुळीच्या शिंका आणि धाकट्या भावाला विडीचा खोकला. सुभेदारांनी रोज आठ वाजता तिघांना ओळीत उभं करून वाटप चालवलं होतं! वर मला सांगतात, "फौजेच्या लंगरात एकट्यानं खायचं न्हाई, ही आमची शिस्त!"

मी कपाळाला हात लावला. वयावरून, आजारावरून, बाकीच्या औषधांवरून डॉक्टर ठरवतात, एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही, सगळं सांगून बघितलं. सुभेदार ढिम्म. शेवटी मी विचारलं, "फौजेत दुसऱ्याची रायफल उचलून चालवायचा का?"

"छ्या! ज्येची त्येच्या नंबराची. कोर्ट मार्शल व्हईल!"

"मग गोळी?"

सुभेदार दचकले. ताठ झाले. आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "आलं ध्येनात! गोळी पर्सनल इश्यू हाय!"

दुसऱ्या दिवशी बायको आणि भाऊ, दोघांना घेऊन स्वतः वर दवाखान्यात. भावाला गोळी मिळाली नाही, विडी सोडायचा हुकूम मिळाला!

*

सहा वर्षांची आर्या. तिला चघळायची चेरीच्या चवीची गोळी. औषध म्हटलं की आर्या पलंगाखाली जायची, म्हणून तिच्या आईनं शक्कल काढली. "बाळा, हे चॉकलेट हाय बरं का!"

शक्कल लागू पडली. जरा जास्तच! एका दुपारी आई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि आर्यानं स्टूल ओढून फ्रीजवरचा डबा काढला. आई खाली येते तर पोरगी खुशीत, हातात रिकामी पट्टी. पाच चॉकलेटं फस्त!

ती बाई चप्पल न घालता, पोरीला काखोटीला मारून आमच्या दुकानात आली. रिकामी पट्टी माझ्यापुढं केली. मी दोघींना तसंच वर घेऊन गेले. मॅडमनी पोरीला तपासलं आणि जवळच्या हॉस्पिटलात पाठवून संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. पोटात थोडं दुखलं, बाकी काही झालं नाही. आईचं मात्र रडून रडून तोंड सुजलं होतं.

पुढच्या खेपेला मी आर्याला समोर बसवलं आणि म्हटलं, "हे चॉकलेट नाही. औषध आहे. मम्मी देईल तेव्हाच घ्यायचं, आणि एकच. कळलं?"

आर्यानं माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "मला ठाव हुतंच की! चॉकलेट मम्मी रोज कुटं देती?"

*

संपतरावांचं कराडजवळच्या गावात गुऱ्हाळ आहे. गुळाचा वास दहा घरांपर्यंत आणि चुलाणाचा धूर संपतरावांच्या छातीत! गोळी चालू होती आणि दम लागला तर ओढायला पंपही दिलेला होता. पण पंप कपाटात. का? "पंपाची सवय लागती म्हनत्यात."

एका सकाळी वारं फिरलं, धूर आत घुसला आणि संपतरावांना दम लागला. त्यांनी खिशातली पट्टी काढून एक गोळी गिळली. फरक नाही. दुसरी गिळली. तिसरी गिळली! आणि भिंतीला टेकून वाट बघत बसले. ओठ निळे पडायला लागले. कामावरची माणसं वारा घालतायत, कुणी कांदा हुंगवतोय.

तेवढ्यात त्यांची बायको शालन डबा घेऊन आली. डबा तिथंच टाकला आणि ही बाई घरी पळाली! कपाटातला पंप आणला, मॅडमनी शिकवल्याप्रमाणं नळी लावून दिला, नवऱ्याला जीपमध्ये घातलं, वाटेत पुन्हा दिला आणि दवाखान्याच्या दारात जीप उभी केली. जीप कुणी चालवली? शालननंच! लायसन आहे का, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

ऑक्सिजन लागला, वाफ दिली, संपतराव माणसात आले. मॅडम चिडलेल्या. "अहो, ही गोळी त्रास होऊ नये म्हणून आहे. चढलेला दम ती उतरवत नाही. त्याला पंप! आणि पंपानं उतार पडला नाही तर थेट दवाखाना!"

उत्तर शालननं दिलं.

"म्याडम, सोडा! आमचं येडं तहान लागल्याव हिर खांदत बसलं हुतं!"

*

आता पैलवानाचं. पैलवान म्हणजे समृद्धी, पलूसकडची. वय एकोणीस, आणि ॲलर्जी कशाची? आखाड्यातल्या मातीच्या धुळीची! माशाला पाण्याची ॲलर्जी असावी तसं. पण गोळी आणि पंप सुरू केल्यावर पोरगी अशी खुलली की बघत राहावं. तीन महिन्यांत तीन कुस्त्या मारल्या!

मग तिच्या वस्तादांना गोळीचा सुगावा लागला. "पैलवान आन् गोळ्या खातो? दूध वाढव, बदाम वाढव. आन् आता तुला बरं हाय न्हवं? मग कशाला?"

समृद्धीनं सगळंच बंद केलं. पंधरा-वीस दिवसांत पोरगी वीस बैठकांत धापा टाकायला लागली. गावच्या जत्रेची कुस्ती महिन्यावर आलेली. ती वडलांबरोबर दवाखान्यात आली तेव्हा वस्तादही तणतणत मागोमाग आले. मॅडमनी स्टेथोस्कोप काढला आणि सरळ वस्तादांच्या कानात घातला!

वस्ताद समृद्धीच्या पाठीवर वाकून ऐकत राहिले. चेहरा उतरत गेला. मग हळूच म्हणाले, "आत मांजराची पिल्लं हाईत व्हय?"

"पिल्लं नाहीत, सुजलेल्या नळ्या आहेत. बरं वाटत होतं ते औषधानं. बंद कधी करायचं ते मी सांगेन."

"आन् कुस्तीत चालतं का हे? न्हाय तर पोरगी बाद व्हायची."

हा प्रश्न मात्र वस्तादांनी लाखमोलाचा विचारला. मॅडमनी नियम काढून दोन्ही औषधं तपासली, तसा कागद लिहून दिला, मगच पुन्हा सुरू केलं.

जत्रेला मी गेले होते. मुद्दाम रजा टाकून! समृद्धीनं समोरच्या पोरीला ढाक डाव लावून असं चितपट केलं की हलगीवाला वाजवायचं विसरला! वस्ताद फेटा उडवत आखाड्यात घुसले. आता तालमीच्या भिंतीवर खडूनं रोजचा मेहनतीचा तक्ता लिहिलेला आहे: जोर, बैठका, दोर, गोळी!

*

आणि हे इंदूआक्कांचं.

इंदूआक्का म्हणजे आमच्या गल्लीची तोफ. नळाचं पाणी, शेजारणीची कोंबडी, सुनेची भाजी, कशावरूनही भांडण. तिन्हीत्रिकाळ! सून रेश्मा गरीब गाय. वास आणि धूळ सोसत नाही म्हणून मॅडमनी आक्कांना ही गोळी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन रेश्मा आली तेव्हा मी सगळ्यांना सांगते ते तिलाही सांगितलं. "झोप बिघडली, वाईट स्वप्नं पडली, माणूस उदास झालं, स्वभावात फरक दिसला, तर थांबायचं नाही. लगेच सांगायचं."

तीन आठवड्यांनी रेश्मा काउंटरपाशी आली. डोळे भरलेले.

"काकू, सासूबाई भांडत न्हाईत."

रांगेतले दोघं हसले. रेश्मा हसली नाही.

"घरात समदी खूश हाईत. ह्ये म्हनत्यात, देव पावला, गप ऱ्हा. पर काकू, काल भाजी करपली तरी त्या काय बोलल्या न्हाईत. खाल्ली. सकाळी कोथमिर निवडताना म्हनल्या, 'रेश्मा, मला आता जगून काय करायचंय गं?'"

मी शटरला कुलूप लावलं आणि रेश्माबरोबर आक्कांच्या घरी गेले. आक्का भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. मला बघून नुसतं "ये" म्हणाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा, नुसतं "ये"!

तासाभरात आम्ही दोघींनी त्यांना मॅडमसमोर बसवलं. मॅडम बराच वेळ त्यांचा हात धरून बोलत होत्या. गोळी त्याच दिवशी बंद केली, नाकातला स्प्रे दिला, मनाच्या डॉक्टरांकडंही स्वतः फोन करून पाठवलं आणि रेश्माला बजावलं, "यांना एकटं सोडू नकोस." रेश्मा रोज त्यांच्या शेजारी बसून राहायची. कामं तशीच पडायची.

मी रोज विचारायची. रोज तेच उत्तर. "आज जरा जेवल्या." "आज दारात बसल्या."

मग एका दुपारी माझा फोन वाजला. रेश्मा! नुसती हुंदके देत होती.

"रेश्मा, काय झालं? आक्का कुठं आहेत?"

"ऐका, काकू... नुसतं ऐका!" असं म्हणून तिनं फोन उंच धरला. आणि लांबून, खणखणीत, आवाज आला,

"आगं ए भवाने! ह्येला आमटी म्हनत्यात व्हय? ह्यात मीठ कोन, तुजा बा घालनार?"