भर दुपारची सावली

आमच्याकडे भर दुपारी कोणी घरापुढच्या खळ्यात पाऊल टाकत नाही. ती वेळ देवचाराची, गाव राखणाऱ्या भुताची. त्यामुळे मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी आपली सावली नाहीशी होते, हे आईला उभ्या जन्मात ठाऊक नव्हतं. त्या दिवशी अचानक आभाळ भरून आलं, म्हणून वाळत घातलेली कोकमाची सोलं उचलायला ती बाहेर धावली. ती खळ्यात पोचली आणि नेमकं लख्ख ऊन पडलं.

आत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माजी सावळीच नाय गो," म्हणाली.

ज्याची सावली जाते तो फार दिवस काढत नाही, असं गावात मानतात. आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला गोव्याला जायचं होतं, तिच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी. "माका आता खंयच जावचा नाय," ती म्हणाली. "मराण येवचाच आसा तर घरात येवंदे."

डॉक्टरांनी आणखी थांबू नका म्हणून बजावलं होतं. मला संताप आला. मी शाळेत भूगोल शिकवते आणि माझ्याच घरात हे!

काळोख्या माजघरात मी आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा मांडला, माडाच्या झावळीचे हीर वाकवून त्यात तीन कमानी खोचल्या. मधोमध काडेपेटीची काडी उभी केली.

"ही तू. हयसून सूर्य उगावता, थयसर दर्यात बुडता. थंडीत तो दक्षिणेक, वेंगुर्ल्याच्या अंगान जाता, पावसात उत्तरेक, विजयदुर्गाच्या. वेंगुर्ल्याकडसून विजयदुर्गाकडे सरकताना मे म्हयन्यात एका दुपारी बरोबर आपल्या डोक्यार येता. बघ."

मोबाईलची बॅटरी पेटवून मी मधल्या कमानीवरून सरकवली. काडीची लांब सावली आखडत गेली आणि पायाशीच संपली. बॅटरी पुढे नेली, तशी पुन्हा निघाली. आईने मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि स्वतः फिरवून पाहिला. पुन्हापुन्हा पाहिला. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

"पटला," ती म्हणाली. "पण सावळी गावली म्हणान भीती जाय ना गो. माका तुका सोडून जावची भीती वाटता."

मला रडूच फुटलं. "माका पण वाटता, आये."

तिने पदराने माझं तोंड पुसलं. "गप. मी आसय मा," म्हणाली आणि बॅग भरायला उठली.