कागदावरची धाकटी

माझी बहीण सरूबाई माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी माझ्याच तोंडानं याच्या उलटं सांगणार आहे, आणि तेही शपथेवर. त्या गोष्टीचा मला लई राग येतो. आजही कुणी विषय काढला की तळपायाची आग मस्तकाला जाते.

मी सांडू. एसटीत कंडक्टर होतो, पैठण डेपोला. आता रिटायर होऊन शहरात, छावणी भागात राहतो. जन्मभर मी माणसाच्या तोंडाकडं बघून वय ओळखलं. मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर दाबून बाया म्हणायच्या, "भाऊ, दहावं लागलंय त्याला, अर्धंच फाडा." मी म्हणायचो, "उभा ऱ्हा बरं लेका." पोरगं उभं राहिलं की डोकं वरच्या दांडीला लागायचं. अख्खी गाडी हसायची. तर वयाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नव्हतं. सरकारनं फसवलं, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या वयात फसवलं.

आमची आई दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायची. मी अक्काच्या, म्हणजे सरूबाईच्या कडेवर वाढलो. तिच्या वयाच्या पोरी पाटी घेऊन निघायच्या आणि ही मला झोका देत बसायची. मी चार वर्षांचा झालो तेव्हा तिनंच मला शाळेत नेलं, घरी कुणाला न विचारता. तेव्हा जन्मतारीख कुणाकडं होती! गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं. माझा हात कुठला पुरायला? अक्कानं मागून माझी मुंडी वाकवली, कान बोटाला टेकवला. गुरुजींनी विचारलं, "किती वर्षांचा रे?" मी 'चार' म्हणायला तोंड उघडलं आणि तिनं दंडाला असा चिमटा काढला की मी ओरडलोच, "सहा!" गुरुजींनी लिहिलं, एक जून एकोणीसशे अठ्ठावन्न. आमचा अर्धा वर्ग एक जूनलाच जन्मलेला होता. अशी मला जन्मतारीख मिळाली. अक्का दारातनं माघारी फिरली आणि शेण गोळा करायला गेली. तिला तारीख मिळालीच नाय.

पुढं ती बिडकीनला नांदायला गेली. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, तेव्हा तिचा कृष्णा पोटात होता. कामावर मिळायची ती भाजल्या पिठाची सरकारी सुकडी खाऊन तिनं ते बाळंतपण काढलं. हे ध्यानात ठेवा.

मग लई वर्षांनी आधारकार्डाचा कॅम्प आला. मशीनवरच्या पोरानं विचारलं, "आजी, जन्मसाल?" ही म्हणली, "मला काय ठावं बाबा, तूच टाक." अक्काचे केस अजून काळेभोर आहेत, आमच्या आईचे होते तसे. पोरानं केसांकडं बघितलं आणि टाकलं एकोणीसशे त्रेसष्ट. ना महिना, ना दिवस, नुसतं साल. म्हणजे हिशेब करा, बहात्तरला ती नऊ वर्षांची! नऊ वर्षांची पोर पोटुशी राहून खडी फोडत होती व्हय रे? पण ते कार्ड रेशनला चाललं, बँकेत चाललं, कुणाचं काही अडलं नाय.

अडलं ते श्रेयाच्या वेळी.

श्रेया म्हणजे कृष्णाची पोरगी. सून आजारानं गेली, आणि दोन वर्षांत कृष्णा मोटरसायकलवरून पडून गेला. पोर पहिलीत होती. अक्कानं पुन्हा एकदा कडेवर लेकरू घेतलं. जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, तिचे पैसे आले, तेव्हा भावकीतल्यांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले. अक्कानं आपले सगळे पैसे पोरीच्या शिक्षणात घातले आणि स्वतः माझ्याकडं छावणीत राहायला आली. इथं नंबर लागला नाय, म्हणून श्रेया नेपाळात काठमांडूला डॉक्टरकी शिकायला गेली. आणि यंदा तिचा फोन आला.

"आजी, मी डॉक्टर झाले. पदवी द्यायचा कार्यक्रम आहे. सगळ्यांचे आईबाप येणारेत. माझ्या बाजूला तू बसायचंस."

अक्कानं फोन कानापासून काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा कानाला लावला. "येते की," म्हणली. दुसऱ्या दिवसापासून तिचं सुरू, पोरीला शेंगदाण्याची चटणी करू का लाडू करू.

आमच्या गल्लीत फरहान आहे. विमानाची तिकिटं काढून देतो. मी त्याला 'पोरा' म्हणतो, तो मला 'चाचा'. त्याच्या दुकानात आम्ही दोघं जाऊन बसलो. तो म्हणला, "चाचा, नेपाळको व्हिसा-बिसा कुछ नै लगता."

मी खूश. म्हणलं, शेजारचा देश म्हणजे असा पाहिजे!

"पर हवाई जहाजसे जाना है तो पासपोर्ट होना, नै तो वोटर कार्ड होना. आधार नै चलता."

माझ्याकडं मतदान कार्ड होतं. अक्काचं कार्ड बिडकीनचं घर मोडताना कुठं गेलं ते देवाला ठाऊक. नवं मागायला गेलो तर यादीतून नावच कापलेलं. तिथं राहत नाय म्हणून तिथून काढलं आणि इथं कुणी चढवलं नाय. म्हणजे बाई कुठंच राहत नाय! पासपोर्टला पूर्ण तारीख पाहिजे, अन् अक्काकडं नुसतं साल. जमिनीनं जावं तर गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढं दिवसभर डोंगरातली बस. अक्काचे दोन्ही गुडघे गेलेत, तिला अंगणातली पायरी उतरताना माझा खांदा लागतो.

फरहाननं फोनवर नियम पुन्हा वाचला आणि एकदम उठून उभा राहिला. "चाचा, रस्ता है! पंधराके नीचे और पैंसठके उप्पर, उनको आधार चलता!"

"अरे मग झालं की! अक्का त्र्याहत्तरची आहे."

त्यानं अक्काचं कार्ड हातात घेतलं, बघितलं, आणि खाली बसला. "फुप्पी, तुम तो बासष्टके हो."

मग माझं कार्ड बघितलं. मी सदुसष्टचा. मला मतदान कार्ड दाखवायचीही गरज नव्हती. जिच्या कडेवर मी मुतलो ती बासष्टची आणि मी सदुसष्टचा! मी दुकानात एवढ्यानं ओरडलो की समोरचा चहावाला बघायला आला. अक्का मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. "तुला शाळेत मीच म्हातारा केला," म्हणली.

तिथून कचेरीचे हेलपाटे सुरू झाले. कुठली कचेरी ते सांगत नाय, सगळ्या सारख्याच. तिथल्या टेबलावर काकासाहेब म्हणून कारकून. माणूस वाईट नाय. पाणी विचारलं, अक्काला खुर्ची दिली. पण बोलायला लागला की डोकं फिरायचं.

"जन्माचा दाखला काढा, त्यावरून आधार दुरुस्त होईल," तो म्हणला. "दाखल्याला पुरावा लागेल. शाळा सोडल्याचा दाखला?"

"ती शाळेत गेली नाय. मला पोचवायला गेली होती."

"मग लग्नाची नोंद?"

"मांडवात नोंद कोण करतं?"

मी त्याला दुष्काळाचं सांगितलं. कृष्णाच्या शाळेचा दाखला पुढं ठेवला, त्यावर एकोणीसशे त्र्याहत्तर साल. म्हणलं, "साहेब, पोराचं साल तुमच्या सरकारनं मान्य केलंय. मग नऊ-दहा वर्षांच्या पोरीला ते झालं असं तुमचं म्हणणं आहे का?"

त्यानं कागद वरखाली बघितला. म्हणला, "ते खरं आहे हो. पण दुष्काळ हा पुरावा होत नाही."

ऐका! अंगावर काढला तो पुरावा नाय, आणि मशीनवरच्या पोरानं केसाकडं बघून टाकलं तो पुरावा!

"मग काय आणू?" मी म्हणलं.

"त्यांचा जन्म पाहिलेलं वडीलधारं माणूस आणा. प्रतिज्ञापत्र करून देऊ."

"वडीलधारी सगळी राख होऊन गोदावरीत गेली, साहेब. घराण्यात आता हीच वडीलधारी. हिचा जन्म बघितलेलं माणूस मी कुठून उकरून काढू?"

काकासाहेब खुर्चीत मागं रेलला. मग माझ्याकडं वळला. "तुम्ही कोण त्यांचे?"

"भाऊ."

"कार्ड बघू." त्यानं माझं कार्ड अक्काच्या कार्डाशेजारी ठेवलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अहो, मग तुम्हीच की! तुम्ही थोरले आहात. थोरल्या भावानं लिहून द्यायचं, माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म माझ्या समक्ष झाला. साल एकोणसाठ टाकू. म्हणजे त्या पासष्टच्या वर जातात आणि तुमच्याहून लहानही राहतात. दोन्हीकडून बसतं."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला. "एकोणसाठ? म्हणजे तिच्या जन्माच्या वेळी मी वर्षाचा! वर्षाचं पोर साक्षीदार? दूध पीत होतो का पंचनामा करत होतो मी?"

"कागदावर थोरले आहात ना, झालं."

"पण ती थोरली आहे! त्रेपन्न सालची आहे! खरं तेच लिहा ना!"

"खरं लिहिलं तर तुम्ही धाकटे होता," काकासाहेब शांतपणे म्हणला. "आणि धाकट्याची साक्ष चालत नाही."

मी उठलो. म्हणलं, चल अक्का, खड्ड्यात गेला यांचा कागद. मी जातो एकटा, पोरीला व्हिडिओवर दाखवतो तुला. ज्या बाईनं माझ्यापायी पाटीला हात लावला नाय, तिला माझ्यानंतर जन्माला घालायला निघाले होते, आणि ते माझ्याच सहीनं.

अक्का खुर्चीवरून उठली नाय. तिनं काकासाहेबांना विचारलं, "लिहिलं तर इमानात बसू देत्याल ना?"

"बसू देतील, मावशी."

"मग लिहा."

"अक्का, तुला कळतंय का काय लिहितेत? तू माझी धाकटी बहीण म्हणून..."

"कळतंय. वरडू नको." तिनं अंगठा पुढं केला. "मला पोरगी डाक्टर झालेली बघायची हाय. तुझ्याहून मोठी होऊन मी काय करू?"

तिनं अंगठा लावला. मी खाली सही केली. 'वरील मजकूर खरा व बरोबर आहे.' आयुष्यात माझ्या तिकिटांत कधी एक रुपयाचा फरक निघाला नाय, आणि तिथं मी सही केली.

कार्ड दुरुस्त होऊन आलं. सरूबाई, एक जून एकोणीसशे एकोणसाठ. तिलाही शेवटी एक जून मिळाला. फरहाननं तिकिटं काढली, अक्कासाठी चाकाच्या खुर्चीची गाडी सांगून ठेवली आणि पैसे घेताना म्हणला, "फुप्पी, मिठाई लाना."

दिल्लीच्या विमानतळावर अक्का त्या ढकलगाडीत बसली. नऊवारी, मांडीवर चटणीची बरणी, लाडवाचा डबा. काउंटरवर एक पोरगी होती, गोड बोलणारी. तिनं दोन्ही कार्डं घेतली. एकदा अक्काकडं बघितलं, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडं.

"ये आपकी छोटी बहन हैं, अंकल?"

मला सगळं आठवलं. दुष्काळ, खडी, सुकडी, ती शाळेची पायरी. वाटलं, इथंच ओरडून सांगावं की बाई, तुझ्या हातातली दोन्ही कार्डं खोटी आहेत. मी तोंड उघडलं.

आणि दंडाला चिमटा बसला. तोच दंड, तसाच चिमटा. गाडीत बसल्या बसल्या तिचा हात बरोबर तिथं पोचला.

"हां," मी म्हणलं. "छोटी है."

पोरीनं हसून कार्डं परत दिली आणि सांगितलं, "बहन का खयाल रखिए."

आम्ही पलीकडं गेलो. माणसं इकडून तिकडं पळत होती, माईकवर बाई बोलत होती. मी ढकलगाडीवाल्याला म्हणलं, थांब जरा. अक्काच्या समोर गेलो, तिथं फरशीवर गुडघे टेकले आणि तिच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. माणसं बघायला लागली. बघू देत. मी मुद्दाम मोठ्यानं बोललो, कंडक्टरच्या आवाजात, पार शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा, "ही माझी थोरली बहीण आहे! मला हिनं वाढवलंय!"

अक्कानं घाबरून आजूबाजूला बघितलं आणि माझं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"हळू बोल, मेल्या, माघारी धाडत्याल," ती म्हणली. "पोरीपाशी पोचू दे. मग होते मी थोरली."