नाथाजीची गुलाबाची फटफटी

नाथाजी लढाईहून परतला तो पुण्याच्या लष्करी लिलावातली एक फटफटी घेऊनच. बैलजोडी घ्यायची सोडून हे लोढणं कशाला, असं अख्खं गाव म्हणालं. पण नाथाजीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. लग्न होऊन हळद उतरते न उतरते तोच तो पलटणीत गेला, आणि बायको, राहीबाई, तेव्हापासून माहेरीच होती. तिला फटफटीवर मागं बसवून वाजतगाजत घरी आणायचं होतं.

गेला, तर सासुरवाडी ओस! चुलीवर भाकरी करपतेय आणि माणूस कुठंच नाही. खाकी फटफटी बघून सगळं गाव उसात शिरलं होतं. बेचाळीस सालापासून त्या भागात खाकी फटफटी म्हणजे पोलीस. राहीबाईच्या भावाला तशाच फटफटीवरून आलेल्यांनी धरून नेलं, आणि तो तुरुंगातच वारला. सासरे नानासो उसातून बाहेर आले, त्यांनी जावयाला ओळखलं, पाणी दिलं.

"जावईबापू, पोर न्हाई बसायची ह्याच्यावर," एवढंच म्हणाले.

झाली का पंचाईत! सांगलीला मोटारी रंगवणाऱ्यानं असा भाव सांगितला की नाथाजी आल्या पावली माघारी फिरला. मग कुणीतरी इस्लामपूरच्या रसूलभाईचं नाव काढलं. रसूलभाई लग्नातल्या पत्र्याच्या पेट्या रंगवायचा आणि स्वस्तात रंगवायचा. नाथाजीनं टाकी आणि मडगार्ड सोडवले, घोंगड्यात बांधले आणि त्याच्यापुढं नेऊन टाकले.

"रंग कंचा देऊ?"

नाथाजी गांगरला. पलटणीत असलं कुणी कधी विचारलंच नव्हतं. तांबडा म्हणावा तर टपालपेटी, पांढरा म्हणावा तर मयताचं कापड.

"आवं, तुमीच सांगा की."

"पोरगी सासरी निघाली की पेटीवर आमी गुलाब काढतो. तुमची मंडळी सासरीच निघालीया न्हवं?"

"व्हय, पर ही पेटी न्हाई, रसूलभाई."

"गड्या, पत्रा त्यो पत्राच."

आठवड्यानं टाकी हातात आली ती हिरवीगार, वर लालभडक गुलाब. मडगार्डांवर वेली, आणि पुढच्याच्या टोकाला एक मोर. पलटणीतल्या कुणी बघितलं तर काय म्हणेल, या विचारानं नाथाजीचे कान तापले. पण करतो काय?

या खेपेला गाव पळालं नाही. बाया तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. राहीबाई पेटी घेऊन बाहेर आली. तिच्या पेटीवरही तसलेच गुलाब होते. तिनं फटफटीभोवती फेरी मारली. टाकीखालचा सांगाडा अजून खाकीच होता. त्याच्याकडं ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पेटी मागच्या बैठकीवर आवळून बांधली आणि चालू लागली.

"अगं, बस की!"

"पेटी बसलीया. मी चालती."

नाथाजीला काही उमगेना. यायचं नाही तर पेटी कशाला बांधली? यायचंय तर बसत का नाही? रागावली म्हणावं, तर तोंडावर राग नव्हता. एवढा रंग दिला तो वाया गेला की कामी आला, हेही त्याला कळेना. त्यानं यंत्र बंद केलं आणि फटफटी ढकलत तिच्याबरोबर निघाला. त्याला लय वाईट वाटत होतं.

ओढ्यापलीकडं चढ लागला. नाथाजीला धाप लागली, आणि एकाएकी फटफटी हलकी झाली. त्यानं वळून पाहिलं. राहीबाई पदर खोचून, दोन्ही हात मागच्या मडगार्डावर टेकून जीव खाऊन ढकलत होती.

"फुडं बघा," ती म्हणाली.