सगळ्यांना सारखं नेट

आमच्या मजल्यावर घरं तीन आणि इंटरनेटचं कनेक्शन एक. राउटर माझ्याकडे, कारण मी मोरिवलीतल्या कारखान्यात उभा जन्म मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळले. त्यामुळे मला वायरीतलं कळतं, असा एक गैरसमज मजल्यावर आहे. तो मीच पसरवलाय.

मध्यंतरी सरकारनं लोकांची मतं मागवली होती. इंटरनेटवर सगळ्यांना सारखा वेग द्यायचा, की काहींना पुढे काढायचं? मी तीन पानी मेल धाडला. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. बायकोनंही पहिल्याच पानावर चष्मा काढला. समोरचे निवृत्त बँकवाले मात्र जिन्यात गाठून वाद उकरायचे.

"अहो, अँब्युलन्सला वाट देता ना? मग महत्त्वाच्या कामाला नेट जास्त दिलं तर बिघडलं कुठे?"

"महत्त्वाचं कुठलं, ते ठरवणार कोण?"

"कुणीतरी शहाणा माणूस."

"तोच तर धोका आहे, साहेब!"

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते आठवडाभर वापरलं. शेवटी ते दमले, मीही दमलो, आणि तत्त्वाचा विजय झाला.

मग दुपारची मॅच अडकायला लागली. बॉलर धावत यायचा आणि हात वर करून तसाच उभा. शेजारच्या आजी कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. दुपारभर मोबाइलवर कीर्तनं लावतात, भिंतीतून ऐकू येतात. गुन्हेगार सापडला! मी राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. जोडलेल्या यंत्रांची यादी होती, पण नावं कसली, नुसते आकडे न् अक्षरं. त्यातलं एक दुपारी सगळ्यांत जास्त नेट ओढत होतं; तोच आजींचा मोबाइल, असं मी ठरवलं. कारखान्याची सवय: फ्लो जास्त दिसला की व्हॉल्व्ह आवळायचा. त्या यंत्राचा वेग बारा ते पाच आवळून टाकला. कुणाला बोललो नाही. मॅच सुरळीत झाली. कीर्तनही तसंच सुरळीत चालू राहिलं. शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

चौथ्या दिवशी दुपारी आजींची सून दारात. सासूबाईंकडे बघायला तिनं ठाण्याची नोकरी सोडली होती, आणि आता घरी बसून करायच्या कामासाठी तिची मुलाखत चालू होती.

"काका, माझा चेहराच अडकतोय! दहा मिनिटांत परत जोडा म्हणालेत, नाहीतर राहू द्या म्हणे."

मी तोऱ्यात राउटर बंद करून चालू केला. रस्ता खोदणाऱ्यांना शिव्या घातल्या. वर म्हटलं, "आजींचा मोबाइल जरा बंद ठेव."

"त्या त्यांच्या सिमवरच ऐकतात, काका. वायफायवर आमच्याकडे फक्त माझा लॅपटॉप. दुपारी कोर्सचे व्हिडिओ बघते ना, या मुलाखतीसाठीच."

मी पुन्हा ते पान उघडायला गेलो. पासवर्ड दोनदा चुकला. व्हॉल्व्ह सुटेपर्यंत दहा मिनिटं होऊन गेली होती.

खोदकामावर ढकलता आलं असतं. पण ती मलाच थँक्यू म्हणायला लागली, तेव्हा सांगून टाकलं.

"मॅचसाठी?"

"हो."

"इंडियाची तरी होती का?"

"नाही."

तिनं राउटर तेवढा मागितला. मी पुसून दिला.

तिनं बरीच विनवणी केल्यावर कंपनीनं दोन दिवसांनी आणखी एक वेळ दिली, शेवटची. त्या दुपारी मी घरातलं सगळं बंद करून बसलो. समोरच्यांनीही आपणहून बंद ठेवलं, आणि मला एकही टोमणा मारला नाही. ते जास्त लागलं. बायको म्हणाली, "फेऱ्या मारू नका, त्यानं काही वेग वाढत नाही."

बऱ्याच वेळानं शेजारचं दार उघडलं. ती घामेजली होती.

"अडकलं नाही, काका," ती म्हणाली. "आता मला येतं की नाही, एवढ्यावरच ठरेल."