बाथरूममधला लांबटांग्या आणि विहिरीवरचा

बदली होऊन रायपूरला आलो तेव्हा बूढ़ापारा मोहल्ल्यात एक जुनं घर भाड्यानं मिळालं. एका रविवारी सकाळी आई बाथरूममध्ये झाडू घेऊन उभी होती. कोपऱ्यातल्या जाळ्यात केसासारख्या पायांचा कोळी लटकला होता. झाडू लागताच तो जागच्या जागी असा गरगरला की दिसेनासाच झाला.

"मारू नको!" बाबा ओरडले. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ते दिवसदिवस खिडकीशी गप्प बसून असत. "हा लांबटांग्या. मांगच्या विहिरीवर बी आहेत, ढीगभर."

"दुनो मेकरा आय," कामाला येणाऱ्या दीदीनं, म्हणजे दोन्ही कोळीच, असा निकाल दिला.

"लेकिन कुएँवालों का जाला कहाँ है?" माझ्या लेकीनं विचारलं.

बाबा पेपर वाचायचं भिंग घेऊन विहिरीकडे निघाले, आम्ही सगळे मागे. दगडांच्या सावलीत नुसता पायांचा पुंजका चिकटलेला. बाबांनी फुंकर मारली, आणि सगळा पुंजका एका तालात खालीवर नाचू लागला! लेक किंचाळली, मीही किंचाळलो. बाबा खो खो हसत होते.

"अरे, याचं अंग तं एकच दाणा आहे! कंबरच नाही याले. अन् डोळे पाह्य, पाठीवर टेकाड, त्याच्यावर दोन!"

मी एकाला पकडायला गेलो. त्याचा पाय माझ्या चिमटीतच राहिला आणि तिथेही वळवळत राहिला. मी ओशाळलो. तो मात्र सात पायांवर निघूनही गेला.

लेकीनं मोबाइलवर शोधलं. विहिरीवरचा कोळ्यांचा नातेवाईक, पण कोळी नव्हे. ना जाळं, ना विष. इंग्रजीत मात्र दोघांनाही 'डॅडी लाँगलेग्ज'च म्हणतात.

"म्हणजे साहेब बी फसला आमच्यासारखाच!" बाबा खूश.

मग भिंग बाथरूममध्ये गेलं. तिथल्याला चांगली बारीक कंबर होती. आणि ती मादी निघाली. तोंडात अंड्यांचा गठ्ठा धरून बसलेली.

"असं तोंड भरलेलं असल्यावर खाते काय हे?" आईनं विचारलं. तिनं झाडू बाहेर नेऊन ठेवला.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात आईचा फोन आला. "लवकर ये! पिल्लं निघून राहिली, एवढुशी एवढुशी! तुझे बाबा मले जवळ जाऊच देऊन नाही राहिले."

मी हाफ डे टाकला.